कोरफडीच्या पहाऱ्यात

माझ्या कॉम्प्युटरशेजारी कोरफडीची एक कुंडी आहे. तिला आठवड्यातून दोनदा पाणी घालायचं काम माझं आणि माझं रक्षण करायचं काम तिचं. मी माझं काम अधूनमधून विसरतो. ती तिचं करते की नाही हे कळायला मार्ग नाही. पण मी अजून हिंडताफिरता आहे, आणि दौंडच्या मामांच्या मते एवढा पुरावा बास झाला.

ही कुंडी मामांनी दौंडहून आणली, मांडीवर घेऊन. दौंड ते चौफुला एका एसटीत, चौफुल्याहून न्हावरेमार्गे शिरूर दुसऱ्या. वाटेत शेजारचा उतरला म्हणून मामांनी कुंडी रिकाम्या सीटवर ठेवली, तर कंडक्टर म्हणाला, "आजोबा, हिचं तिकीट?" मामा म्हणाले, "कोरफड म्हणजे बाईमाणूस. सरकारने बायकांना अर्धं तिकीट केलंय, अर्धं फाड." कंडक्टरने हात जोडले. शिरूरला उतरल्यावर मामा तडक माझ्या गाळ्यात आले, कीबोर्ड बाजूला सारला, कुंडी ठेवली आणि म्हणाले, "आता बस बिनघोर. ही सगळं शोषून घेते."

"काय शोषून घेते?"

"किरणं."

शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, एसटी स्टँडच्या मागे माझा दहा बाय बाराचा गाळा आहे. ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पॅन कार्ड, झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. आत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक राउटर, अंगठा घ्यायचं मशीन आणि या सगळ्यांच्या मधोमध मी, रोजचे बारा तास. मामांच्या हिशोबाने मी भट्टीत बसलेला माणूस आहे.

मामांबद्दल थोडं सांगायला हवं. ते रेल्वेत होते आणि उभी नोकरी दौंड जंक्शनात काढली. पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढायचं आणि गाडीच्या शेपटाला जोडायचं, हा तिथला वर्षानुवर्षांचा शिरस्ता. बाहेरून कॉर्ड लाइन झाली तेव्हा कुठे काही गाड्यांची यातून सुटका झाली. मामांची मात्र झाली नाही. त्यांच्याशी वाद घालताना तुमचा मुद्दा ते शांतपणे ऐकून घेतात, त्याचं इंजिन काढतात, मागच्या बाजूला जोडतात आणि तुमचेच डबे उलट्या दिशेने घेऊन जातात. तुम्ही फलाटावर उभे.

आणि गंमत म्हणजे हे गृहस्थ रोज संध्याकाळी दौंड स्टेशनात जाऊन बाकावर बसतात. डोक्यावरून २५,००० व्होल्टची तार गेलेली. त्या तारेबद्दल त्यांचं काहीही म्हणणं नाही. ती रेल्वेची आहे. घरची आहे.

तसं पाहिलं तर किरणांची भीती मला नवी नाही. माझं कॉम्प्युटरचं शिक्षणच भीतीत झालं. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघालं, त्यांचा एमएस-सीआयटी कोर्स आला आणि नोकरदारांपासून दहावी झालेल्या पोरांपर्यंत सगळे एका बाकावर आले. आमच्या क्लासात आत जायच्या आधी चपला बाहेर. का, तर धुळीने कॉम्प्युटर बिघडतो. काहींचा समज होता की व्हायरस चपलेला चिकटून येतो, आणि सरांनी तो दुरुस्त करायची घाई केली नाही, कारण फरशी स्वच्छ राहत होती. कॉम्प्युटर तेव्हा ओटीभर पोट असलेले. त्यांच्यावर फुलाफुलांचं आवरण, आवरण काढलं की स्क्रीनपुढे अडकवलेली काळी जाळी. तिला अँटी-ग्लेअर म्हणायचे. पण आम्हाला सांगितलं होतं की ती किरणं अडवते. मच्छर अडवते तशीच, असं मी गृहीत धरलं होतं.

किरणं असतात याचा पुरावा क्लासातल्या प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. नुकत्याच बंद केलेल्या स्क्रीनजवळ मनगट नेलं की हातावरचे केस उभे राहायचे, बारीक चरचर आवाज यायचा. वहीचा कपटा टाकला तर काचेला चिकटून बसायचा. ते साधं स्थिर विद्युत होतं, केसांवर कंगवा घासला की कागदाचे तुकडे उचलतो तेच. पण हाताचे केस उभे राहिल्यावर भौतिकशास्त्र कोण ऐकून घेतो?

आमच्या बॅचला जिल्हा परिषद शाळेतल्या एक बाई होत्या. नोकरीसाठी सर्टिफिकेट हवं, आणि त्यांना सहावा महिना. सरांनी सांगितलं, बाई, या अवस्थेत तुम्ही स्क्रीनपुढे नका बसू. मग बाई दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि आतून मी त्यांच्या सांगण्यावरून बटणं दाबायचो. "फाइल. आता सेव्ह अ‍ॅज. अरे, अ‍ॅज म्हटलं मी." पूर्ण दोन महिने मी त्यांचा माऊस होतो. किरणं लाकडी दारातून सहज आरपार जातात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोघंही निर्धास्त.

याच शंकेवरून अमेरिकेत टेलिफोन ऑपरेटर बायकांचा रीतसर अभ्यास झाला होता: स्क्रीनपुढे बसून काम करणाऱ्या एका बाजूला, तसलंच काम स्क्रीनशिवाय करणाऱ्या दुसऱ्या. निष्कर्ष १९९१ साली छापून आला. गर्भपाताच्या प्रमाणात फरक नाही. ही बातमी अमेरिकेहून शिरूरला यायला दहा-अकरा वर्षं पुरली नाहीत, एवढंच.

मात्र भीतीला अगदीच बूड नव्हतं असं म्हणणंही खोटं. जुन्या टीव्हीच्या नळीत इलेक्ट्रॉन जोरात काचेवर आदळायचे आणि त्यातून थोडे क्ष-किरण निघायचे. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही मोठ्या रंगीत टीव्हींमधून ते मर्यादेपेक्षा जास्त निघताहेत असं आढळलं, संच परत मागवले गेले, आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यासाठी कायदा झाला. मग नळीच्या काचेत शिसं घालून घालून ती इतकी जड केली की आमच्या क्लासातला मॉनिटर हलवायला दोन पोरं लागायची. पुढे ती नळीच गेली. आता माझ्यापुढे आहे तो चपटा पडदा; त्यात ना नळी, ना आदळाआपट. भाडेकरू खोली सोडून गेला, त्याच्या नावाची पाटी तेवढी दारावर राहिली.

"पण वायफायचं काय?" मामा म्हणाले. हे त्यांचं दुसरं इंजिन.

मी त्यांना चिंचेच्या झाडाचं उदाहरण दिलं. चिंच पाडायची तर खडा लागतो. कापसाचे बोळे मारले तर? हजार मारा, लाख मारा, मधल्या सुट्टीत सगळी शाळा बोळे घेऊन उभी करा. चिंच पडायची नाही. क्ष-किरण म्हणजे खडे. एकेक खडा रेणूतला इलेक्ट्रॉन उडवू शकतो, पेशीतल्या डीएनएला इजा करू शकतो. वायफाय, मोबाइल, ब्लूटूथ हे सगळे बोळे. फार म्हणजे फार बोळे एकदम मारले तर चिंच गरम होईल. मायक्रोवेव्ह ओव्हन तेच करतो, पण त्याला आठशे-हजार वॉट लागतात आणि ते सगळे एका बंद डब्यात. माझ्या राउटरचा जोर वॉटच्या एक दशांशाच्या आसपास, तोही गाळाभर पसरलेला.

मामांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आमच्या शाळेत एकाने ओला बोळा मारला होता. दोन चिंचा पडल्या."

मी पुण्याच्या दिशेने, ते मनमाडच्या दिशेने.

मामांच्या हातात एक भक्कम गोष्ट आहे, ती ते जपून वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली मोबाइल-वायफायच्या लहरींना "कर्करोगकारक असू शकतील" अशा गटात टाकलं. गट २बी. विजेच्या तारांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र त्याच्याही आधीपासून तिथेच बसलेलं. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. फक्त एका संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी ती यादी उघडून पुढे वाचत गेलो, आणि माझा दिवस सोन्याचा झाला. त्याच २बी गटात, मोबाइलच्या लहरींच्या पंगतीला, कोण बसलंय? कोरफड! अख्ख्या पानाचा अर्क, शुद्ध न केलेला.

म्हणजे ज्या गुन्ह्याच्या संशयावरून मी राउटरवर पहारेकरी नेमला, त्याच गुन्ह्याच्या संशयितांच्या यादीत पहारेकऱ्याचंही नाव. अर्थात कुंडीतल्या कोरफडीकडे बघून कुणाला काही होत नाही, तो अर्क पोटात घ्यायचा प्रश्न आहे. पण हा तपशील मी मामांना मुद्दाम उशिरा सांगितला.

पंगत आणखी लांब आहे. लोणचंही २बीमध्ये आहे. हे मी दौंडला जेवताना बोलून गेलो आणि मामींनी माझ्या ताटात वाढायला घेतलेली कैरीची फोड परत बरणीत टाकली. मग घाईघाईने सांगावं लागलं की मामी, ते पूर्व आशियातलं, तिकडच्या पद्धतीने आंबवलेल्या भाज्यांचं; आपल्या तेलातल्या कैरीचं त्यात नाव नाही. फोड परत आली, पण पहिल्यापेक्षा लहान. कॉफीसुद्धा कैक वर्षं २बीमध्ये होती, २०१६ साली तिला सोडून दिलं. निर्दोष म्हणून नव्हे, पुराव्याअभावी. मोबाइलबद्दल पुढे २०२४ साली कळलं ते असं, की आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या एका मोठ्या आढाव्यात त्रेसष्ट अभ्यास तपासले गेले आणि मोबाइल वापरणं व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध काही दिसला नाही. तो आढावा मी मामांना छापून दिला. त्यांनी त्यावर भेळ खाल्ली.

त्या यादीत २बीच्या वर २ए आहे, म्हणजे संशय दाट. आणि सगळ्यात वर गट १, म्हणजे गुन्हा शाबीत. २एमध्ये रात्रपाळी आहे. दौंडमध्ये निम्मी वस्ती रेल्वेची नाहीतर राज्य राखीव पोलीस दलाची. रात्रपाळी हा तिथे पिढीजात व्यवसाय. ६५ अंशांवरचा कढत चहाही तिथेच. मामा चहा उकळत्या कपातून बशीत ओतून पितात, म्हणजे निदान त्या बाबतीत ते शास्त्रशुद्ध. आणि गट १मध्ये? तंबाखू. सुपारी. डिझेलचा धूर. दुपारचं ऊन, त्यातले अतिनील किरण. मी यादी वाचत होतो आणि मामा माझ्यापुढे बसून डाव्या तळव्यावर तंबाखू-चुना मळत होते. एकदा थोपटलं, फू केलं, चिमूट गालात ठेवली आणि त्या भरल्या तोंडाने म्हणाले, "तो राउटर जरा लांब सरकव. मला किरणं लागतात."

त्यांच्या कॉलनीतल्या टॉवरचीही एक गोष्ट आहे. शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला तेव्हा मामांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या: टॉवर हटवा. त्याच वर्षी आणखी एक निवेदन फिरत होतं: कॉलनीत रेंज नाही, उपाय करा. दोन्हींवर सह्या त्याच छपन्न माणसांच्या. पेनही एकच. यातली मजा अशी की आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा सप्टेंबर २०१२पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलेली आहे. शिवाय टॉवर दूर असला की कानाला लावलेला मोबाइल त्याला हाक मारायला जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर हटवला तर आवाज वाढतो तो खिशातल्या यंत्राचा. हे सांगितलं तर मामा म्हणाले, "मग टॉवर राहू दे. पण शेजाऱ्याच्या गच्चीवर नको." मला वाटतं, पंधरा वर्षांच्या आमच्या वादात हे एकमेव वाक्य त्यांनी मनापासून उच्चारलं. शेजाऱ्याला टॉवरचं भाडं मिळत होतं.

मध्यंतरी एक विक्रेता गाळ्यात आला होता. टाय लावलेला, बॅगेत सोनेरी स्टिकर. मोबाइलच्या पाठीला चिकटवायचं, चारशे नव्व्याण्णव रुपये, किरणं बंद. दुर्दैवाने मामा त्या दिवशी शिरूरला होते. त्याने मामांना एक हात आडवा धरायला सांगितलं, दुसऱ्या हातात मोबाइल दिला आणि आडवा हात खाली दाबला. हात झपकन खाली. मग स्टिकर लावलं, पुन्हा दाबला. हात जागच्या जागी! मामांचा चेहरा असा झाला की पंढरपूरला पहिल्यांदा गेलेल्या वारकऱ्याचाही होत नसेल. पहिल्या वेळी त्याने मनगटाशी दाबलं आणि दुसऱ्या वेळी कोपराच्या जवळ, हे मी पाहिलं. पण मी भाचा, माझं कोण ऐकतो.

मी इतकंच विचारलं, "भाऊ, किरणं खरंच बंद होत असतील तर फोन कसा लागणार? फोन किरणांवरच चालतो. जेवणाच्या डब्याचा अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळून बघा, रेंज जाते. तुमच्या स्टिकरने रेंज गेली पाहिजे."

विक्रेता गडबडला. मामा मदतीला धावले. "रेंज तशीही नसते," ते म्हणाले आणि दोन स्टिकर घेतली.

असल्या वस्तूंना दिल्लीतही गिऱ्हाईक आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी पत्रकारांपुढे शेणाची चिप धरली होती. मोबाइलची किरणं कमी करते म्हणाले. शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला. माझी आजी असती तर तिने मागितला नसता. ती दर शनिवारी अख्खं घर शेणाने सारवायची. आम्ही चिपमध्ये राहायचो. मोबाइल निघायच्या आधीच सोय करून ठेवली होती म्हणायची.

मग मी शांत राहून एक प्रयोग केला. दिवाळीत मामांच्या घरी राहायला होतो. राउटर हॉलमध्ये, मामांच्या खुर्चीमागे. मामा रोज सांगायचे की याच्यामुळे डोक्याला मुंग्या येतात. एके सकाळी मी कुणाला न सांगता त्याची तार काढली. पुढचा दिवा खोक्याआड असल्याने कुणाला दिसत नव्हता. मामांनी नऊ वाजता डोकं धरलं. "बघ. सकाळपासून जोरात चालू आहे." साडेनऊला नातवाची मॅच अडकली, सुनेची मीटिंग तुटली, मामींची मालिका थांबली, आणि तिघांनीही डोकी धरली. वायफाय नसण्याने डोकं दुखतं याचे घरात तीन साक्षीदार मिळाले, असण्याने दुखतं याचा एक. आणि त्या एकाचं वायफाय बंद होतं.

परदेशात असले प्रयोग नीट, आंधळेपणाने म्हणजे माणसाला न कळू देता झाले आहेत. २००५ सालच्या एका आढाव्यात ३१ प्रयोग होते, आपल्याला लहरी जाणवतात असं सांगणारी ७२५ माणसं. यंत्र चालू आहे की बंद, हे त्यांना ओळखता येतं असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. पण डोकं खरोखर दुखत होतं, हेही तितकंच खरं. मामा नाटक करत नाहीत. त्या सकाळी त्यांना मामींनी अमृतांजन लावून दिलं, आणि मला वाईट वाटलं. तार मी परत लावली. दहा मिनिटांत तिघांची डोकी उतरली, मामांचं दुपारी.

माझ्या गाळ्यात कॉम्प्युटरने माणूस आजारी पडताना मी रोज पाहतो, त्याबद्दल मात्र कुणी कुंडी आणत नाही. पहिला आजारी मीच. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या मिटायच्या विसरतात. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारे डोळे निम्म्यावर येतात, कधी त्याहून खाली. संध्याकाळी डोळ्यांत वाळवंट. मान पुढे, पाठ मागे, आणि खुर्ची अशी की तिच्या एका चाकाचं बाकीच्या चारांशी पटत नाही. दुसरे आजारी गिऱ्हाईक. परवा टाकळीकडची एक म्हातारी अंगठा द्यायला आली. जन्मभर खुरपं आणि कांदा. बोटांवरच्या रेषा कधीच झिजून गेलेल्या. मशीनमधला लाल दिवा पेटायचा, तिचं बोट आरपार तांबडं दिसायचं आणि पडद्यावर यायचं: जुळत नाही. पुन्हा लावा. बोट ओल्या फडक्याने पुसलं, डोक्याच्या तेलावर फिरवलं, पाचही बोटं झाली, मग दुसरा हात.

"आरं लेकरा," ती म्हणाली, "ह्यो लाल उजेड माझं रगत वढतोय का रं?"

"नाय आजी, तो फक्त बघतोय."

"मग मी दिसंना का त्याला? सकाळधरनं बसलीया की हितं."

सातव्यांदा जुळलं आणि त्याच क्षणी पडद्यावर गोल फिरायला लागलं. सर्व्हर डाउन. तेव्हा माझ्या कानशिलात जे ठणकलं, त्याचं मोजमाप अजून कुठल्या यंत्रात निघालेलं नाही. आजी मात्र कुंडीकडे बघत होती. म्हणाली, "कोरफड झ्याक आलीया. हिला पिल्लं फुटल्यात."

खरंच फुटली होती. चार.

तर गेल्या विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, मी मामांना खोडदला घेऊन गेलो. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ ती महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. चौदा मधल्या एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. थाळी म्हणजे घन पत्रा नव्हे, तारेची जाळी. वारा आरपार जातो म्हणून वजन कमी आणि खर्चही कमी. मामा पहिल्या थाळीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "ही जाळी तुमच्या क्लासातल्यासारखीच आहे. अडवते." या एका बाबतीत ते बरोबर होते. ती लहरी अडवते आणि मधल्या कानाकडे परतवते.

विज्ञान दिनाला आजूबाजूच्या शाळांची पोरं रांगेने येतात, प्रयोगांची टेबलं लागतात, जत्राच असते. दारातच सांगितलं गेलं: मोबाइल बंद करा. सायलेंट नव्हे, बंद. मामांचे डोळे चमकले.

"का हो?" त्यांनी तिथल्या एका तरुण संशोधकाला विचारलं. "किरणांमुळे?"

"हो आजोबा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षं थांबलेली गाडी फलाटाला लागल्यावर स्टेशन मास्तर पाहील तसं.

"म्हणजे मोबाइलची किरणं खरंच असतात?"

"असतात की. मोबाइलची, कॉम्प्युटरची, एलईडी दिव्यांची. मोटारसायकलच्या प्लगची ठिणगीसुद्धा आम्हाला त्रास देते. विजेच्या तारा देतात. आमचे स्वतःचे कॉम्प्युटर आम्ही धातूने मढवलेल्या बंद खोल्यांत ठेवतो, किरणं बाहेर येऊ नयेत म्हणून."

"ऐक," मामा मला म्हणाले. "शास्त्रज्ञ माणसं. मढवून ठेवतात."

तो पोरगा उत्साहात होता, त्याला बिचाऱ्याला मामा ठाऊक नव्हते. त्याने समजावून सांगितलं की त्रास माणसाला नाही, दुर्बिणीला. आकाशातून येणारी कुजबुज इतकी बारीक, की ती मोजायच्या एककात दशांश चिन्हापुढे पंचवीस शून्यं आणि मग एक. चंद्रावर कुणी मोबाइल चालू ठेवून विसरला, तर इथून तो आकाशातल्या ठळक रेडिओ ताऱ्यांच्या रांगेत जाऊन बसेल. याच दुर्बिणीने एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची हाक पकडली. ती निघाली तेव्हापासून सुमारे ८८० कोटी वर्षं वाटेत होती आणि २०२३च्या जानेवारीत तिची बातमी जगभर गेली. मी विचार करत होतो: ८८० कोटी वर्षं चालत आलेली ती हाक खोडदच्या वेशीवर पोचते आणि नेमका त्याच वेळी आमच्या मामांचा "सुप्रभात" वाटेत आडवा येतो.

"रेल्वेसुद्धा आमच्यासाठी वळवावी लागली," पोरगा म्हणाला. पुणे-नाशिक रेल्वेचा मूळ आराखडा नारायणगावजवळून जात होता. दुर्बिणीला अडचण होईल म्हणून तो बदलावा लागला.

इथे मात्र मामा गप्प झाले. रेल्वे कुणासाठी वळते हे त्यांनी हयातीत ऐकलं नव्हतं. इंजिन वळतं, रूळ वळत नाहीत. ते बराच वेळ त्या थाळीकडे मान वर करून बघत राहिले. सगळी थाळी एकदम, आवाज न करता, सावकाश कलायला लागली, आणि तिची सावली गवतावरून सरकत आमच्या पायांशी आली. कुठलीशी शाळा ओरडली, "फिरली, फिरली!" मामांनी टोपी काढून हातात घेतली.

परतीच्या वाटेला दोन्ही बाजूंनी ऊस. सूर्य कलत होता आणि बिबट्याची वस्ती, म्हणून मी गाडीच्या काचा वर घेतल्या. मामा खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे डबे आणि माझे डबे एका दिशेला लागलेत. किरणं आहेत, पण त्यांचा ताप आपल्याला नाही, त्या दुर्बिणीला आहे. एवढं जरी पोचलं असेल तरी पेट्रोल वसूल.

मलठणच्या अलीकडे ते बोलले.

"बिचारीला फार त्रास होतो रे."

"कुणाला?"

"दुर्बिणीला. चहूकडून किरणं. आणि ती माणसं शिकलेली, पण साधा उपाय सुचला नाही त्यांना."

मी गिअर बदलला. काही बोललो नाही.

"मध्ये चौदा म्हणाला ना तो? आणि फाट्यांवर सोळा." मामा बोटांवर मोजत होते. "तुझ्या कुंडीला पिल्लं किती फुटलीत?"

"चार."

"मग सव्वीस राहिली," मामा म्हणाले. "दौंडला आहेत माझ्याकडे. एका टेम्पोत बसतील."